विहीर एकाची, पाणी सर्वांचे

[रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो, तरीही उन्हाळ्यात अनेक वाड्यांना पाण्याची टंचाई भासते. असे का होते, पाणी जमिनीत कसे साठवता येते आणि साठवलेले पाणी वाटून घेण्यासाठी गावकरी व निरनिराळी कार्यालये एकत्र येऊन कसे काम करतात, हे प्रस्तुत पाठात एका शिक्षकाने सांगितले आहे.]

एप्रिल महिना होता. सकाळची शाळा भरली होती. हजेरी घेऊन मी फळ्याकडे वळलो, तोच दारातून आवाज आला, “सर, मी आत येऊ का?”

दारात नववीतली एक मुलगी उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता. ओढणीचे एक टोक भिजलेले होते. त्या आठवड्यात ती तिसऱ्यांदा उशिरा आली होती.

“आज पुन्हा उशीर?” मी विचारले.

“सर, टँकर उशिरा आला. अम्मी मासळी घेऊन बाजारात गेली होती. दादीला हंडा उचलवत नाही. मी पाणी भरले आणि मग निघाले.”

मी तिला आत बसायला सांगितले. वर्ग थोडा वेळ शांत होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

“सर, आपल्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. एवढा पाऊस पडतो. मग उन्हाळ्यात टँकर का लागतो?”

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर एका तासात संपले नाही. ते पुरते समजायला आम्हांला जवळजवळ एक वर्ष लागले.

त्या दिवशी आम्ही प्रथम फळ्यावर हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. एखाद्या घराचे छप्पर ५० चौरस मीटरचे असेल, तर त्या छपरावर वर्षाला ५० × ३००० म्हणजे १,५०,००० लिटर पाणी पडते. खेड्यातील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज २७५ लिटर पाणी लागेल. आता १,५०,००० ला २७५ ने भागा.

मुलांनी भागाकार केला. उत्तर आले ५४५ दिवस.

उशिरा आलेली ती मुलगी वहीकडे पाहतच राहिली. “सर, म्हणजे आमच्याच घरावर दीड वर्षाचे पाणी पडते? आणि मी टँकरसाठी उभी राहते?”

“हो. पडते खूप, पण राहत नाही,” मी म्हणालो.

ते का राहत नाही, हे समजण्यासाठी आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला सह्याद्रीच्या उंच रांगा आहेत आणि पश्चिमेला अरबी समुद्र आहे. मधली जमीन अरुंद आणि उताराची आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा नदी पूर्वेकडे सुमारे १४०० किलोमीटर वाहत जाते. आपल्या वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या शंभर किलोमीटरही धावत नाहीत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडलेला बहुतेक पाऊस उतारावरून धावतो आणि खाडीमार्गे समुद्राला मिळतो.

दुसरे कारण आपल्या पायांखाली आहे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात जांभा दगड आहे. घरे बांधण्यासाठी आपण त्याचेच चिरे वापरतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जांभ्याचा एक तुकडा नेला. तो दोन विटांवर ठेवला, खाली ताट ठेवले आणि वरून पेलाभर पाणी ओतले. पाणी दगडाच्या छिद्रांत शिरले. थोड्याच वेळात ते खालून ताटात ठिबकू लागले.

“पाहिलेत?” मी म्हणालो. “जांभा पाणी लवकर पितो आणि लवकर सोडूनही देतो. सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून खाली झिरपते. खाली चिकणमातीचा किंवा काळ्या कातळाचा थर लागला, की ते आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडते. म्हणून आपल्या विहिरी जुलैमध्ये काठोकाठ भरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तळ गाठतात.”

जमिनीत मुरलेल्या या पाण्याला भूजल म्हणतात. दीड लाख लिटरची टाकी प्रत्येक घरी बांधता येणार नाही. पण जमीन ही आयती टाकी आहे. मात्र या टाकीला भोके आहेत. पाणी बाहेर पडण्याआधी ते जागोजागी थोपवले पाहिजे. “पाणी अडवा, पाणी जिरवा” ही घोषणा तुम्ही भिंतीवर वाचली असेल. तिचा अर्थ हाच आहे.

पण हे काम करायचे कोणी?

पाणी एक असले, तरी त्याचा कारभार अनेकांकडे वाटलेला आहे. जमिनीखाली पाणी कोठे आहे आणि किती आहे, याचा अभ्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. महाराष्ट्र शासनाची ही यंत्रणा १९७२ साली सुरू झाली. तिचे भूवैज्ञानिक पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ठरावीक विहिरींतील पाण्याची पातळी मोजतात. अशा विहिरींना निरीक्षण विहिरी म्हणतात. खेड्यांच्या नळयोजना व बंधाऱ्यांची कामे जिल्हा परिषद पाहते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ कोकणच्या जमिनीला मानवतील असे उपाय शोधतात. दगड रचून आणि प्लॅस्टिकचा कागद लावून करावयाचा ‘कोकण विजय बंधारा’ ही त्यांचीच देणगी आहे. गावात काय करायचे, कोठे करायचे हे ग्रामसभेत ठरते, आणि प्रत्यक्ष हात लागतात ते गावकऱ्यांचे.

एकाजवळ नकाशा, दुसऱ्याजवळ साहित्य, तिसऱ्याजवळ ठराव करण्याचा अधिकार आणि चौथ्याजवळ काम करणारे हात! हे चौघे वेगवेगळे राहिले, तर पाणी त्यांच्यामधून वाहून जाते.

आमच्या शाळेजवळून एक पऱ्या वाहतो. वरच्या अंगाला एक वाडी आहे, खालच्या अंगाला मोहल्ला आहे. दोन्हीकडे एकेक मोठी विहीर आहे. पावसाळा संपत आला, तेव्हा आम्ही ही सारी हकिकत सरपंचताईंच्या कानावर घातली. त्यांनी ग्रामसभेत विषय घेतला आणि पऱ्यावर वनराई बंधारा बांधायचे ठरले. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ या संस्थेने अशा बंधाऱ्यांचा प्रसार केला, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. हे बंधारे रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून बांधतात. त्यांना खर्च फार कमी येतो. रत्नागिरी जिल्ह्यात कच्चे, विजय आणि वनराई असे बंधारे पावसाळ्यानंतर ठिकठिकाणी लोकांच्या श्रमदानातून बांधले जातात.

बंधारा रस्त्याजवळ बांधावा, असे बहुतेकांचे मत होते. तेथे पोती नेणे सोपे होते. सरपंचताईंनी भूजल कार्यालयातून एका भूवैज्ञानिकांना बोलावले होते. त्यांनी पऱ्यातून चालत जाऊन जागा पाहिली आणि ते म्हणाले, “येथे तळाला अखंड काळा कातळ आहे. पाणी साठेल, पण मुरणार नाही. दोनशे पावले वर चला. तेथे जांभा आहे. तेथे अडवलेले पाणी जमिनीत जाईल आणि त्याचा फायदा खालच्या दोन्ही विहिरींना होईल.”

जागा बदलली. माहीतगार माणसाचे दोन शब्द ऐकले नसते, तर सर्वांचे श्रम वाया गेले असते!

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका रविवारी आम्ही सारे पऱ्यावर जमलो. तेव्हा पऱ्याला घोटाभर पाणी वाहत होते. बंधारा बांधण्याची हीच वेळ असते. पऱ्या आटल्यावर बंधारा बांधून काय उपयोग? ग्रामपंचायतीने घरबांधणीच्या ठिकाणांवरून सिमेंटची रिकामी पोती गोळा केली होती. मुलांनी माती भरली. मोठ्या माणसांनी सुतळीने पोत्यांची तोंडे शिवली. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याने रचना शिकवली. भिंतीत विटा बसवतात तशी पोती बसवायची. खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचे पोते आले पाहिजे. तळ रुंद ठेवायचा आणि माथा अरुंद. पाण्याच्या बाजूने चिकणमाती लिंपायची. जास्तीचे पाणी माथ्यावरून वाहून जाऊ द्यायचे, म्हणजे बंधारा फुटत नाही.

वाडीतल्या काकूंनी चहा आणला, मोहल्ल्यातल्या चाचांनी बटर आणले. दुपारपर्यंत छातीएवढी भिंत उभी राहिली. संध्याकाळी तिच्या मागे लांबच लांब डोह तयार झाला.

त्याच दिवसापासून मुलांनी आणखी एक काम हाती घेतले. एका दोरीला दगड बांधला आणि दर फुटावर एक गाठ मारली. दर शुक्रवारी दोन्ही विहिरींच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि वहीत लिहायचे, असे ठरले. दगड पाण्याला लागला, की ‘डुब्’ असा आवाज येई. मग किती गाठी आत गेल्या ते मोजायचे. डिसेंबरच्या अखेरीस दोन्ही विहिरींना चांगले पाणी होते. सर्वजण खूश होते.

फेब्रुवारीत वही वेगळेच सांगू लागली. मोहल्ल्याच्या विहिरीचे पाणी झपाट्याने उतरत होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. वाडीतील एका बागायतदारांनी आंब्याची नवी कलमे लावली होती. त्यांच्या विहिरीवर रोज सकाळपासून पंप चालू असे. मोहल्ल्यातील तरुण चिडले. “बंधारा आम्हीही बांधला, पाणी मात्र एकटेच नेतात,” असे ते म्हणू लागले. बागायतदारही रागावले. “जमीन माझी, विहीर माझी, पंप माझा. मग पाणी दुसऱ्याचे कसे?” असा त्यांचा सवाल होता. ज्या पऱ्यावर दोन महिन्यांपूर्वी सर्वांनी मिळून चहा घेतला होता, तेथे आता कोणी कोणाशी बोलेना.

सरपंचताईंनी दोन्हीकडच्या मंडळींना ग्रामपंचायतीत बोलावले. भूवैज्ञानिकही आले. त्यांनी कोणालाच दोष दिला नाही. ते म्हणाले, “मुलांची दोरी आणा. आपण विहिरींनाच विचारू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहल्ल्याच्या विहिरीची पातळी मोजली आणि कोणी पाणी काढायचे नाही असे ठरवून चार तास पहारा ठेवला. पंप बंद होता. पातळी तेवढीच राहिली. तिसऱ्या दिवशी असाच पहारा ठेवला. पण त्या दिवशी वाडीतला पंप चालू केला. चार तासांनी मुलांनी दोरी सोडली, तेव्हा मोहल्ल्याच्या विहिरीतील पाणी चार बोटे खाली गेले होते. त्या विहिरीतून कोणी कळशीभरसुद्धा पाणी काढले नव्हते.

बागायतदारकाका स्वतः कठड्याशी उभे होते. त्यांनी दोरी हातात घेतली, पुन्हा एकदा मोजून पाहिले आणि हळूच म्हणाले, “मला वाटायचे, मी माझ्या विहिरीतले पाणी काढतो.”

“विहीर तुमचीच आहे, काका,” भूवैज्ञानिक म्हणाले. “पण जमिनीखाली गडगा नसतो. एकाच ताटात दोन वाट्या बुडवल्या, तरी ताट एकच असते.”

त्या दिवशी ग्रामपंचायतीत बसून नियम ठरले. मार्चपर्यंत पंप एक दिवसाआड आणि दोनच तास चालवायचा. एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही विहिरींचे पाणी केवळ पिण्यासाठी व घरच्या वापरासाठी ठेवायचे. कलमांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालायचे, म्हणजे ओल टिकते आणि कमी पाण्यात भागते. हे कृषी विभागाने शिकवायचे. मोहल्ल्यातील लोकांनी गळके नळ दुरुस्त करायचे, कारण तेथेही पाणी वाया जात होते. पातळीची वही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला मांडायची, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहणार नाही.

मुलांनो, पाणी वाटून घेण्याचे असे नियम महाराष्ट्रात यापूर्वीही लोकांनी केले आहेत. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे अभियंते पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात गेले. नायगाव येथे देवस्थानची ४० एकर जमीन घेऊन १९७४ पासून त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग केले. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. दर माणशी अर्ध्या एकराला पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. उसासारखी फार पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असेही ठरले.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटरच पाऊस पडतो. म्हणजे आपल्या पावसाच्या सातव्या हिश्श्याएवढाही नाही. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावकऱ्यांनी शासनाच्या योजना आणि आपले श्रमदान यांची सांगड घातली. डोंगरावर चर खणले, झाडे लावली, बंधारे बांधले. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा नियम केला. तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, जमिनीत किती पाणी आहे, पिण्यासाठी किती राखायचे हे आधी पाहतात आणि मगच कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. पोपटराव पवार यांना २०२० साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली. चारशे मिलिमीटर पावसाचे गाव पाण्याचा हिशेब ठेवते आणि तीन हजार मिलिमीटर पावसाचा आपला जिल्हा टँकरची वाट पाहतो. यावरून आपण काय शिकायचे?

भूजलाची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद या नावाने ओळखले गेले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत मुरलेले पाणी त्याने जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या साहाय्याने, शहरात आणले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. ते पाणी एका वाड्यासाठी नव्हते. सगळ्या शहरासाठी होते.

आजच्या काळात कायदाही मदतीला आहे. महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाचा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. त्याच्या जागी २००९ चा नवा, अधिक व्यापक कायदा आला आणि तो २०१४ पासून अमलात आला. आपल्या किनाऱ्यावर तर अधिकच जपले पाहिजे. समुद्राजवळच्या विहिरींतून फार उपसा केला, तर गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेते. एकदा खारी झालेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही.

पण कायदा विहिरीच्या कठड्यावर रोज पहारा देऊ शकत नाही. तो पहारा शेजाऱ्यांनीच द्यायचा असतो, आणि तो एकमेकांवर नव्हे, तर पाण्यावर.

पुढचा एप्रिल आला. मोहल्ल्यात टँकर आला नाही. तो आला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे टंचाई संपली असे नाही. पण ती पाच आठवडे मागे हटली. बंधाऱ्याची पोती मुलांनी पावसापूर्वी काढून गोळा केली, कारण ती वाहून गेली असती, तर प्लॅस्टिक खाडीत जाऊन साचले असते. पुढच्या दिवाळीनंतर बंधारा पुन्हा बांधायचा आहे. वनराई बंधारा दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. शेजारधर्माचेही तसेच आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. एप्रिलच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे एकही उशीर नाही. विहिरीची दोरी आणि वही तिच्याकडेच असते. परवा तिने मला नवा हिशेब दाखवला. “सर, शाळेचे छप्पर ४०० चौरस मीटर आहे. त्यावर वर्षाला बारा लाख लिटर पाणी पडते. ते सगळे गटारात जाते. पन्हळ लावून ते विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडले तर?”

तो कागद घेऊन आम्ही उद्या ग्रामपंचायतीत जाणार आहोत.

शब्दार्थ

टंचाई – कमतरता
सडा – डोंगरावरील सपाट, खडकाळ माळ
जांभा – कोकणात आढळणारा तांबडा, सच्छिद्र दगड
कातळ – मोठा, सलग खडक
पऱ्या – लहान ओढा
भूजल – जमिनीखालचे पाणी
भूवैज्ञानिक – जमीन व खडकांचा अभ्यास करणारा तज्ज्ञ
श्रमदान – मोबदला न घेता केलेले अंगमेहनतीचे काम
गडगा – दगड रचून केलेले कुंपण
आच्छादन – वरून घातलेले आवरण
चर – लांबट खणलेला खड्डा
कूपनलिका – यंत्राने खोल खणलेली अरुंद विहीर, बोअर
उपसा – पाणी बाहेर काढणे
ताळेबंद – जमा व खर्च यांचा हिशेब
पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी

वाक्प्रचार

कानावर घालणे – सांगणे, माहिती देणे
तळ गाठणे – पार खाली जाणे, संपत येणे
सांगड घालणे – दोन गोष्टी एकत्र जोडणे
वाया जाणे – फुकट जाणे

स्वाध्याय

प्रश्न १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मुलगी शाळेत उशिरा का आली होती?
(२) भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा केव्हा सुरू झाली?
(३) विहिरीची पातळी मोजण्यासाठी मुलांनी कोणते साधन तयार केले?
(४) खडकी शहर कोणी वसवले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(१) रत्नागिरी जिल्ह्यात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी कमी पडते.
(२) बंधाऱ्याची जागा बदलण्यात आली.
(३) वनराई बंधाऱ्याची पोती पावसापूर्वी काढून घेतली.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) वनराई बंधारा कसा बांधतात?
(२) दोन विहिरींचे पाणी एकच आहे, हे कसे सिद्ध झाले?
(३) पाणी पंचायतीचे नियम तुम्हांला योग्य वाटतात का? का?

प्रश्न ४. “जमीन माझी, विहीर माझी, पंप माझा. मग पाणी दुसऱ्याचे कसे?” हे वाक्य कोणी व केव्हा म्हटले? तुम्ही त्यांना काय उत्तर दिले असते?

प्रश्न ५. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आढळतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
जमीन, हिशेब, कारभार, फायदा, कायदा, हक्क, मोहल्ला

प्रश्न ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
अरुंद, गोडे, उतार, स्वस्त, जमा

उपक्रम : (१) तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. त्यावर वर्षाला किती लिटर पाणी पडते ते काढा. (२) मोठ्या माणसांना बरोबर घेऊन जवळच्या विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजा व तिचा आलेख वर्गात लावा.